सोसायटीतली जॅझची संध्याकाळ: मदतनिधीच्या कार्यक्रमात या चुका टाळा

मदतीसाठी केलेला कार्यक्रम फसला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "जाऊ दे, चांगल्या कामासाठी होता ना!" मला ते पटत नाही. काम चांगलं आहे म्हणूनच वेळ, आवाज, कलाकार आणि हिशेब यांतल्या कशातही सवलत घेऊ नये. पुण्यात आमच्या सोसायटीत आम्ही काही वर्षं जॅझच्या संध्याकाळी भरवतोय. जमलेला निधी जवळच्या एका ट्रस्टच्या वाचनालयाला जातो. झालेल्या आणि होता होता वाचलेल्या चुका इथे लिहितोय.

भाषणांत वेळ घालवणं

पहिल्या वर्षी कार्यक्रम सातचा होता, आवारात, उघड्यावर. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, संस्थेची माहिती, मग पाहुण्यांचं मनोगत. बाजूला सॅक्सोफोनवाला उभा. सॅक्सोफोनची रीड ही एका नळासारख्या गवताची पातळ पट्टी असते आणि ती ओली असेल तरच नीट बोलते. तो ती तोंडात धरून भिजवायचा, वाद्याला लावायचा, आणि आणखी एक सत्कार सुरू झाला की काढून पुन्हा तोंडात धरायचा. चार वेळा हे चाललेलं मी पाहिलं. पहिला सूर लागला तेव्हा नऊला दहा मिनिटं होती, आणि दहाला सगळं बंद करावं लागलं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर चालत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार देऊ शकतं, आणि ते दिवस सणांसाठी असतात. बंद सभागृहाला नियम सैल आहे, पण शेजाऱ्यांची झोप तिथेही मोडते. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत आहे का, हे आधी पाहा. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ साली जॅझ यात्रा सुरू झाली, जगभरचे वादक तिथे वाजवून गेले. पुढे परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि ते खुलं रंगमंच मुकं झालं. त्यापुढे आपलं आवार ते काय!

आता आम्ही बोलणं एकूण दहा मिनिटांत संपवतो, तेही दोन रचना वाजून झाल्यावर. सत्कार मध्यंतरात.

आवाजाचं काम साऊंडवाल्यावर सोडून देणं

सगळ्यात जास्त कार्यक्रम इथे बिघडतात. आपल्याकडचा साऊंडवाला बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रा आणि हळदीचे कार्यक्रम करून आलेला असतो. सवयीने तो इको चढवतो, ड्रमच्या प्रत्येक भांड्याला माईक लावतो. दीडशे माणसांच्या हॉलमध्ये ड्रमला माईक लागतच नाही. उलट फरशी आणि उघड्या भिंतींमुळे झांजेचा आवाज इतका घुमतो की पियानो बुडून जातो. ड्रमखाली जाड सतरंजी टाका, मागच्या भिंतीला पडदे लावा. सतरंजीमुळे मोठा ड्रम पुढे सरकतही नाही. ध्वनिचाचणी रिकाम्या हॉलमध्ये होते आणि माणसं बसली की आवाज दबतो, म्हणून पहिल्या रचनेला कुणीतरी जाणकार शेवटच्या रांगेत उभा हवा.

शिट्टी वाजत असेल तर आधी आवाज कमी करू नका, माईक कुठे आहे ते बघा. तो स्पीकरच्या पुढे आला असेल तर मागे घ्या. आणि स्पीकरमधून सतत "घूं" येत असेल, तर बरेचदा मंचावरची यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणच्या वीजजोडांवर असतात. सगळ्यांना एकाच बोर्डावरून वीज द्या. काही जण घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढतात. तसं कधीही करू देऊ नका, वादकाला झटका बसू शकतो.

कीबोर्ड "आहे आमच्याकडे" म्हणून एकसष्ट पट्ट्यांचा आणून ठेवला, तर पियानोवादकाच्या डाव्या हाताला जागाच उरत नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा हवा, हे आधी विचारून घ्या. खरा पियानो असेल तर जागेवर आणल्यानंतरच सुरात लावून घ्या, आधी नाही.

श्रोत्यांना काहीच न सांगणं

लोक गप्पा मारतात, कारण काय ऐकायचं ते कळत नाही. दोन वाक्यं पुरतात. तबलजी कितीही लांब गेला तरी आपण समेची वाट बघतो ना, तसंच इथेही एक आवर्तन असतं, पुष्कळदा बत्तीस मात्रागटांचं. प्रत्येक वादक त्याच चौकटीत आपलं काही मांडतो, आणि त्याची पाळी संपली की दाद द्यायची. आमच्याकडे मी सी. रामचंद्रांचं नाव घेतो. त्यांच्या संगीतात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट वाजवायचा. हे ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या आजी ताठ बसतात.

"सामाजिक काम आहे, फुकट वाजवा"

असं म्हणू नका. वादकाचा प्रवास, सराव, वाद्याची देखभाल हा खर्चच असतो. मानधन द्या. त्याने ते परत निधीला दिलं तर ती त्याची देणगी, तिची पावती त्याच्याच नावाने.

कागदपत्रं नंतर बघू

ट्रस्ट नसलेल्या मंडळाने महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. गणेश मंडळांना हे पाठ असतं, आपल्याला नसतं.

कॉपीराइटचंही तसंच. हौशी मंडळाने बिनपैशाच्या श्रोत्यांसमोर वाजवलं तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती गेली, मग पैसे वाचनालयाला का जाईनात. अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन १९७४ साली गेले. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या रचनांवर निदान २०३४ अखेरपर्यंत. परवाना आधी काढा.

तिकीट आणि देणगीची पुस्तकं वेगळी ठेवा. आयकरातली ८० जी म्हणून ओळखली जाणारी सवलत देणगीला आहे, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला तीही मिळत नाही. परदेशातल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या बचतीतले असतील तर अडचण नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, किंवा गोव्यातल्या मावशींनी पोर्तुगीज पासपोर्ट काढला असेल, तर तो विदेशी निधी ठरतो, आणि त्यासाठीची नोंदणी ट्रस्टकडे नसेल तर तो घेता येत नाही. नम्रपणे परत करा.

आठ दिवसांत हिशेब जिन्याजवळच्या फळ्यावर लावा. मानधन, साऊंड, परवाने, चहा, आणि ट्रस्टला दिलेल्या धनादेशाची झेरॉक्स.