रॅकेट आणा, कुकर इथे मिळतो

ऑगस्ट उजाडला की इंदूरहून फोन सुरू होतात. "दादा, आम्ही लोकमान्य नगरचे. तुमच्या मावशींनी नंबर दिला. मुलगा जर्मनीला येतोय." पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुकर किती लिटरचा द्यावा? मी 2013 साली इथे आलो. तेव्हापासून मला एकानेही विचारलं नाही की रॅकेट आणू का. मग ऑक्टोबरात तोच मुलगा भेटतो आणि चहा पिता पिता कळतं की पठ्ठ्या शाळेकडून टेनिस खेळलेला आहे. रॅकेट कुठाय? घरी, माळ्यावर.

म्हणून हे लिहितोय. यात टेनिस जास्त आहे आणि बाकीचं कमी आहे, हे मला ठाऊक आहे.

बाकीचं आधी उरकतो. एपीएसचा दाखला, म्हणजे आपल्या पदव्या-गुणपत्रिका तपासून मिळणारा कागद, वेळेत काढा, त्याच्याशिवाय व्हिसाचं पानही हलत नाही. बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात, म्हणजे महिन्याला 992 हातात. माझ्या वेळी हाच आकडा आठ हजारांच्या आसपास होता आणि तेव्हाही बाबांनी एफडी मोडली होती. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येणार असाल तर 2017 पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, ती हिशोबात धरा. खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. खोली न बघता कोणालाही डिपॉझिट पाठवू नका. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना 18.36 युरो, घरात टीव्ही नसला तरी. पण ती घरामागे असते, माणशी नाही. चौघं एकत्र राहत असाल तर एकानेच भरायची. आमच्या घरात तिघांनी सहा महिने वेगवेगळी भरली. रात्री दहानंतर कुकरच्या शिट्ट्या नकोत. रविवारी दुकानं बंद. कचरा वेगळा कसा करायचा हे मी शिकवणार नाही, इंदूरची माणसं आहात, 2017 पासून आपण देशाला तेच सांगतोय.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे पुन्हा सांगेन : पैसे घेऊन कोणालाही टेनिस शिकवू नका. का ते येईलच.

आता क्लब. टेनिस क्लब म्हटलं की आपल्याला इंदूरचा यशवंत क्लब आठवतो. मोठं फाटक, कुणाच्या तरी ओळखीने आत जायचं, आणि आपल्यासारख्यांनी बाहेरून स्कूटर हळू करून बघायचं. इथला क्लब तसा नाही. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून, चार लाल कोर्टं आणि एक लाकडी खोली. खोलीत कॉफीचं मशीन आणि 1980 च्या दशकातले पिवळे पडलेले फोटो. याला इथे फेराइन म्हणतात. आपल्याकडच्या मंडळासारखीच गोष्ट. अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, वार्षिक सभेत भांडणं आहेत. माझ्या क्लबाने विद्यार्थी म्हणून पहिल्या वर्षाचे 60 युरो घेतले. सबंध उन्हाळ्याचे.

विद्यापीठातही खेळाचे वर्ग असतात आणि सगळे नवे तिकडेच धावतात. जा की, पण तिथे भेटणारी माणसं दोन वर्षांत गाव सोडतात. क्लबातली माणसं तिथेच असतात. मला नळ गळत असेल तर कोणाला फोन करायचा हे क्लबात कळलं, चांगला दंतवैद्य क्लबात कळला, आणि जर्मन भाषा तर सगळी तिथेच. क्लासात मला 'ते पुस्तक टेबलावर आहे' एवढं येत होतं. कोर्टावर 'बाहेर गेला नव्हता हो!' हे पहिल्या महिन्यात आलं.

क्लबातल्या पन्नाशी-साठीच्या लोकांना विचारा टेनिस कधी धरलं, बहुतेक जण एकच साल सांगतील : 1985. लाइमेनचा सतरा वर्षांचा बोरिस बेकर विम्बल्डन जिंकला ते वर्ष. श्टेफी ग्राफ पण याच भागात, ब्र्यूलमध्ये वाढली. 1988 मध्ये तिने चारही मोठ्या स्पर्धा आणि सोल ऑलिम्पिकचं सुवर्णपदक एकाच वर्षात घेतलं. मी त्यांना 1996 चं लिअँडर पेसचं कांस्य सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बस. दुखावून घेऊ नका.

मी इंदूरला सिमेंटच्या कोर्टावर शिकलो. चेंडू सपाट येतो, झटपट येतो. इथे विटांच्या भुकटीचं कोर्ट असतं, चेंडू खांद्यापर्यंत उडतो आणि पाय घसरतो. पहिले दोन महिने मी साठीच्या बायकांकडून हरलो, तुम्हीही हराल. बूट लाल मातीचे वेगळे, खाचांच्या तळव्याचे. हिवाळ्यात हॉलमध्ये गालिच्यावर खेळताना ते चालत नाहीत, तिथे गुळगुळीत तळव्याचे लागतात. रॅकेटला तारा घरूनच घालून आणा, एक जोडी जास्तीची आणा, इथे नुसत्या मजुरीचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो.

पण मुख्य गोष्ट बुटांची नाही, झाडण्याची आहे.

पहिल्या दिवशी मी तासभर खेळलो, बॅग उचलली आणि निघालो. कोर्टांची देखभाल बघणारे सत्तरीचे एक आजोबा होते, त्यांनी मागून हाक मारली. मला वाटलं बॅकहँडचं कौतुक करतायत. त्यांनी माझ्या हातात एक रुंद जाळं दिलं, दांडीला लावलेलं, ओढायचं. मी मधल्या भागावर दोन फेऱ्या मारल्या आणि ठेवायला गेलो. ते कुंपणापाशी गेले, बुटाच्या टोकाने कोपरा दाखवला. तिथून सुरू कर. कडेकडेने, गोल, आत आत येत. कोपरे सोडले की तिथे शेवाळ धरतं. मग छोटा गोल ब्रश घेऊन पांढऱ्या पट्ट्या साफ. ऊन असेल तर खेळण्याआधी पाणीही मारायचं. आजी अंगण सारवताना आम्हाला ज्या नजरेने बघायची, त्याच नजरेने ते माझ्याकडे बघत उभे होते. सातव्या-आठव्या दिवशी ते बघायला थांबले नाहीत, तेव्हा मला समजलं की पास झालो.

आपली काही मंडळी इथेच अडकतात. एका मुलाला मी क्लबात नेलं, चांगला खेळायचा, पण झाडायला वाकेना. "इतके पैसे भरून आम्हीच झाडायचं?" तिसऱ्या वेळेला त्याला कोणी खेळायला बोलावलं नाही. त्याने घरी फोन करून सांगितलं की जर्मन लोक वर्णभेद करतात. तो इथे अजिबात नाही असं मी म्हणत नाही, मीही दोनदा पाहिलाय. पण हा तो नव्हता.

दुसरं, संघाच्या मॅचेस. मे ते जुलै, शनिवार-रविवार. प्रत्येक खेळाडूला एक दर्जा असतो, एलके म्हणतात, नवा माणूस 25 पासून सुरू करतो आणि जिंकत जिंकत आकडा कमी करायचा. अंपायर नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपण सांगायचं, आणि मातीत ठसा राहतो. माझ्या दुसऱ्याच मॅचला मी 'बाहेर' ओरडलो, समोरचा शांतपणे जाळीला वळसा घालून आला, वाकला, ठशावर बोट ठेवलं. ठशाची कड पांढऱ्या पट्टीला चिकटलेली. मी खोटं बोललो नव्हतो, मला खरंच बाहेर दिसला होता, पण त्या क्षणी कानशिलं तापली. तेव्हापासून शंका असेल तर मी आतच म्हणतो. चार पॉइंट जातात, जाऊ द्या.

मॅच संपली की यजमान संघ पाहुण्यांना जेवू घालतो, हा इथला रिवाज. दर वेळी कोणीतरी बटाट्याचं सॅलड करतं, कोणीतरी सॉसेज भाजतं. माझी पाळी आली तेव्हा मी पोहे केले. आपले, बाफेवरचे, वर शेव, डाळिंबाचे दाणे, आणि आईने पाठवलेलं जीरावन, आपल्या इंदूरची मसाल्याची पूड. आठ घामेजलेले पुरुष कागदी ताटल्या घेऊन संशयाने बघतायत. विरुद्ध संघाच्या कप्तानाने एक घास खाल्ला, मग जीरावनची बरणी उचलली, वास घेतला आणि सरळ सॉसेजवर भुरभुरवली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे गेलो तर पहिला प्रश्न, ती पूड आणली का? घरून काही आणायचंच असेल तर हे आणा.

नाव. हे मी बिघडवलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, अनिरुद्ध अवघड आहे, छोटं करू का? मी घाईने म्हटलं, अनी म्हणा. इथे अन्नी हे मुलीचं नाव आहे, तेही आजीच्या पिढीतलं. कोर्ट राखून ठेवायच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावाची चुंबकपट्टी असते, माझ्या पट्टीवर ते आजही तसंच आहे. तुम्ही पूर्ण नाव सांगा. तीनदा सांगा. ते शिकतात, स्वतःची आडनावं याहून अवघड आहेत त्यांची.

क्लबात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे आपलं 'तू'. माझ्या तोंडून सत्तरीच्या माणसाला 'तू' निघायला एक उन्हाळा गेला. कचेरीत मात्र 'झी', म्हणजे 'आपण', तिथे चुकूनही उलट करू नका.

आता तो प्रश्न, जो तुम्हाला जर्मन विचारणार नाहीत, आपलेच विचारतील. गणपतीला मराठी मंडळात गेलात की, "मूळचे कुठले?" इंदूर. "अच्छा, म्हणजे मराठी कसे काय?" तिकडे हिंदी मंडळींच्या दिवाळीला गेलो तर मी 'मराठी मानुस'. मंडळात मी एकदा "घंटाभर थांबून राहिलोय" म्हणालो आणि पुण्याच्या एका काकूंनी हसून "तासभर थांबलोय" असं दुरुस्त करून दिलं. पहिली दोन वर्षं मी त्यांच्यासमोर शब्द तोलून बोलायचो. आता बोलत नाही तोलून. आमच्या घरी तीन पिढ्या हेच बोलल्या, सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकांना रांगा लावल्या, शाळेत हिंदीतून शिकलो, गल्लीत 'भिया' म्हणालो. काकूही चांगल्या आहेत, मोदक उत्तम करतात. मंडळात जरूर जा. फक्त वर्षभर तेवढंच करू नका. चार वर्षं इथे राहून ज्यांना शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही, असे आपले लोक मी बोटांवर मोजायचं सोडून दिलंय.

जर्मन विचारतात, इंदूर कुठे? मुंबईच्या जवळ का? तेव्हा मी माणिकबागेचे फोटो काढतो. यशवंतराव होळकरांनी 1930 च्या सुमारास बर्लिनच्या एकार्ट मुथेझियसकडून तो राजवाडा बांधून घेतला. आज तिथे कर खात्याची कचेरी आहे हेही सांगतो, त्यावर ते मनापासून हसतात. कचेऱ्यांचं दुःख त्यांना कळतं.

कचेरीवरूनच माझ्या चुकीवर येतो. 2015 च्या उन्हाळ्यात क्लबाने विचारलं, शनिवारी मुलांना शिकवशील का? तासाला 15 युरो. मी हरखलो. खजिनदाराने फॉर्म दिला आणि म्हणाला, खेळ शिकवणाऱ्याला वर्षाला 2,400 युरोपर्यंत करही नाही. तो खरंच बोलत होता. पण करमुक्त म्हणजे परवानगी नव्हे. माझ्या इथे राहण्याच्या परवान्यासोबत एक घडीचा हिरवट कागद होता, तो मी कधी नीट वाचलाच नव्हता. त्यावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या : नोकरी ठरावीक दिवसच करता येईल, आणि स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही. मानधनावर शिकवणं हा सरकारच्या लेखी स्वतंत्र व्यवसाय. मी चोरी करत नव्हतो, उलट परवाना वाढवायला गेलो तेव्हा बँकेचा उतारा स्वतःच ऐटीत जोडला. दर महिन्याला एक ओळ : 'ट्रेनर, मानधन'.

परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या बाईंनी त्या ओळीवर पेन ठेवलं आणि वर बघितलं.

दोन वर्षांच्या परवान्याऐवजी तीन महिन्यांचा तात्पुरता कागद मिळाला, मग पुन्हा तीन महिन्यांचा. वकील म्हणाला या काळात देश सोडू नका. डिसेंबरात इंदूरला ताईचं लग्न होतं. मी ते एका भावाच्या फोनवर बघितलं, अंतरपाट धरलेला असताना नेटवर्क गेलं. शिकवून मिळाले होते 940 युरो, वकिलाला दिले 1,100.

म्हणून पुन्हा सांगतो. आता मार्च 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस नोकरी करता येते, पण नोकरी. क्लबाला शिकवायला हवं असेल तर म्हणा, मला रीतसर कामावर ठेवा, दिवस मोजा. नाहीतर परदेशी नागरिकांच्या कचेरीत आधी लेखी परवानगी मागा आणि कागद हातात येईपर्यंत मुलांना फुकट चेंडू फेका. 'सगळेच करतात' असं सांगणारा मित्र तुम्हालाही भेटेल, मलाही भेटला होता. तो वकिलाकडे माझ्यासोबत आला नाही.

क्लब सोडायचा असेल तर तेही लेखी, शरद ऋतूतली मुदत पाळून. नाहीतर पुढच्या वर्षाचे पैसे जातात.

कोर्टं एप्रिलच्या शेवटी उघडतात. त्याआधी एक-दोन शनिवार श्रमदान असतं : जुनी माती खरवडायची, नवी पोती फोडायची, रोलर ओढायचा. ठरलेले तास भरले नाहीत तर दंड लागतो. तुम्ही सभासद व्हायच्या आधीच जा, कोणी हाकलत नाही. सकाळी नऊला, वेळेवर. हातमोजे स्वतःचे न्या, त्यांच्याकडचे ओले असतात.