जुन्या नाशिकची खाद्य आणि इतिहास फेरी : या चुका टाळा

रविवारी सकाळी साडेसहाला रविवार कारंजावर जमायचे, सराफ बाजार, दहीपूल, तिवंधा आणि भद्रकाली या भागांतून पायी हिंडत गोदाघाटावर उतरायचे, वाटेत चार-पाच ठिकाणी खायचे आणि साडेदहाच्या सुमारास पंचवटीत काळाराम मंदिरापाशी थांबायचे, असा माझ्या फेरीचा क्रम गेली बरीच वर्षे ठरलेला आहे. फेरीला येणारी माणसे दर वेळी नवी असतात, चुका मात्र त्याच होतात. त्यांतल्या बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत, घाईतून होतात. एका सकाळीत सगळे खाऊन, सगळे पाहून, सगळ्याचे फोटो काढून घरी जायचे, हा हट्ट त्यांच्या मुळाशी असतो. म्हणून त्या येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्याच थांब्यावर पोट भरणे

पहिला थांबा मिसळीचा असतो आणि निम्मी फेरी तेथेच हातची जाते. मोड आलेली मटकी, वर शेव आणि कांदा, वेगळ्या वाटीत रस्सा, शेजारी पापड आणि दही, असे ताट समोर आले की पहाटे उठून आलेल्या माणसाला धीर राहत नाही, हे मी समजू शकतो. परंतु ही बैठक मारून खायची मिसळ नाही. पुढे जिलबी आहे, साबुदाणा वडा आहे, कोथिंबीर वडी आहे, दोनदा चहा आहे आणि मुख्य म्हणजे तीन तासांची चाल आहे.

एकदा बाहेरगावचे एक गृहस्थ आमच्याबरोबर होते. मी सांगूनही त्यांनी पूर्ण ताट घेतले, चार पाव संपवले आणि तीनदा रस्सा मागून घेतला. तिवंध्यापर्यंत ते कसेबसे आले आणि एका वाड्याच्या ओट्यावर बसले ते उठेनात. तेथून जवळच हलवाई कढईत जिलबी सोडत होता. रात्रभर आंबलेले पीठ कापडाच्या छिद्रातून पडत होते, वेढे तुपात फुगून तांबूस होत होते आणि पाकातून निघालेली जिलबी कागदावर पडताच तिचा बारीक कुरकुर आवाज येत होता. ती जिलबी निघाल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच खायची असते, कारण नंतर पाक आत मुरतो आणि कुरकुरीतपणा जातो. त्या गृहस्थांनी ती हातात धरली, थंड होऊ दिली आणि शेवटी तशीच कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. त्यांची प्रकृती सावरेपर्यंत बाकीचे अकरा जण वीस मिनिटे उन्हात उभे होते आणि ती वीस मिनिटे पुढे पेशवेकालीन सरकारवाड्याच्या माहितीतून कापावी लागली, याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून तिघांत एक ताट हा माझा नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही. रस्सा मटकीवर एकदम ओतू नये. आधी वाटीतला घोटभर रस्सा चाखावा, मग पापडाच्या तुकड्याने मटकी उचलावी. आमच्याकडच्या काळ्या रश्श्याचा रंग कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजून केलेल्या वाटणाचा असतो. ज्यांना तिखट म्हणजे लालभडक तर्री एवढेच ठाऊक आहे, ते या रश्श्याला सौम्य समजून वाटीभर संपवतात आणि दहा मिनिटांनी पाणी मागतात. तिखट लागले तर पाणी पिऊ नये, दही खावे. घरून नाश्ता करून येऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण दर महिन्याला पडते.

"आम्ही पुढच्या ठिकाणी रिक्षाने येतो"

हे वाक्य ऐकले की मला वाईट वाटते. जुने नाशिक टेकाडांवर वसलेले आहे. नऊ शिखरांवरून गावाला नाव पडले, असेही सांगतात. ही गोष्ट पायाला चढ लागल्याशिवाय समजत नाही. सराफ बाजार आणि दहीपूल हा सखल भाग आहे, त्याच्या खालून सरस्वती नाला वाहतो आणि मोठा पाऊस झाला की याच भागातल्या दुकानांत प्रथम पाणी शिरते. तेथून भद्रकालीच्या बाजूने चढत गेले की पिंढऱ्या बोलू लागतात आणि जुन्या लोकांनी घरे उंचावर का बांधली असतील, हे न सांगता कळते. काझीची गढी हे याच चढावरचे सर्वांत जुने ठिकाण आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी नाशिकला उत्खनन केले, तेव्हा गावाची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचे पुरावे हाती आले. रिक्षात बसून हे अंतर पाच मिनिटांत संपते, पण नदी, उतार आणि वस्ती यांचे नाते नजरेतून सुटते आणि मग घाटावरचा दुतोंड्या मारुती हा फक्त एक मोठा पुतळा उरतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, छातीला लागले की डोक्यावरून गेले, यावरून नाशिककर आजही पुराची भाषा करतो. २००८ चा आणि २ ऑगस्ट २०१६ चा पूर ज्यांनी पाहिला, ते याच मापात सांगतात.

पावसाळ्यात मार्गदर्शकाने वाट बदलली तर त्याच्याशी वाद घालू नये. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी नावनोंदणीच्या वेळीच सांगावे. त्यांच्यासाठी मी घाटापुरती लहान फेरी आनंदाने ठेवतो. माझी तक्रार धडधाकट माणसांच्या आळसाबद्दल आहे.

घाटावर कॅमेरा

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळते, म्हणून तेथे अस्थिविसर्जन आणि दशक्रिया करण्यासाठी लांबलांबून लोक येतात. सकाळच्या वेळी घाटावर एकीकडे भाजीवाले, दुसरीकडे स्नानाला आलेले यात्रेकरू आणि मध्ये मुंडन केलेली, ओल्या पंचातली माणसे, असे दृश्य रोजचेच असते. फेरीला आलेल्यांना ते फोटोसाठी विलक्षण वाटते आणि नेमके तेथेच भान सुटते.

काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत अकरा जणांचा गट घेऊन मी घाटावर उतरलो. गटात एक तरुण होता, स्वभावाने चांगला, जिज्ञासू, हातात मोठा कॅमेरा. मी नारोशंकराच्या मंदिराविषयी बोलत असताना तो कधी मागे राहिला, ते मला कळले नाही. पायऱ्यांच्या कडेला एक कुटुंब बसले होते. समोर दर्भावर पिंड ठेवलेले, मुलगा हात जोडून उभा, आणि सगळ्यांची नजर समोरच्या कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे. बराच वेळ कावळा शिवत नव्हता. मुलगा हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता. बहुधा गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करण्याचा शब्द देत असावा. अखेर कावळा कठड्यावरून खाली उतरला, दोन उड्या मारून पिंडापासून हातभर अंतरावर आला, आणि त्याच क्षणी आमचा तरुण जवळून फोटो मिळावा म्हणून दोन पायऱ्या खाली उतरला. कावळा उडाला.

कोणीही ओरडले नाही. त्यांच्यातल्या एक वयस्क बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "दादा, यांना सांगा, हे आमच्या घरचं आहे." मी हात जोडले. तरुणाने कॅमेरा बंद केला, त्यांची क्षमा मागितली आणि पुढची संपूर्ण फेरी तो एक शब्द बोलला नाही. आम्ही तेथून निघालो तेव्हाही ते कुटुंब वाट पाहत बसलेले होते. चूक त्या तरुणापेक्षा माझी अधिक होती, कारण गट घाटावर उतरण्यापूर्वी मी त्याला काहीच सांगितले नव्हते.

आता मी घाटाची सगळी माहिती पूल ओलांडण्यापूर्वीच, वर उभे राहून सांगतो. नदी कोठे वळते, विधी कोठे चालतात, आपण कोणत्या कडेने जाणार, हे तेथेच दाखवतो. मग सर्वांचे फोन पिशवीत जातात आणि आम्ही घाटाचा तेवढा भाग न थांबता, न बोलता पार करतो. "लांबून काढला तर काय बिघडते?" असे विचारणाऱ्यास मी नम्रपणे, पण ठाम नकार देतो. फोटोसाठी देवळांची शिखरे आहेत, दगडी कमानी आहेत, जिलबीची कढई आहे. त्या हलवायालासुद्धा आधी विचारावे.

ऐकीव आणि नोंदलेले यांची गल्लत

काही जण मार्गदर्शकाचा प्रत्येक शब्द प्रमाण मानतात, तर काही जण तो बोलत असतानाच फोनवर शोधून त्याला खोडू पाहतात. दोन्हींमुळे ऐकण्याचा आनंद जातो. मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली आहे. काय कोरलेले आहे, काय लिहिलेले आहे आणि काय सांगितले जाते, हे मी वेगवेगळे करून बोलतो. नारोशंकराच्या घंटेचे उदाहरण घ्यावे. घंटेवर १७२१ हे साल आहे, ते कोरलेले. मंदिर १७४७ साली नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधले, ते लिहिलेले. घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आली, हे परंपरेने सांगितलेले. गावाच्या नावाचेही तसेच आहे. शूर्पणखेच्या नाकाची कथा सांगितली जाते. मोगल अमदानीतले गुलशनाबाद हे नाव लिहिलेले आहे, आणि पांडवलेणीत सातवाहन राजा कृष्ण याच्या काळच्या लेखात नासिक हा शब्द कोरलेला आहे. मार्गदर्शकाला "हे कशावरून?" असे अवश्य विचारावे, मात्र त्याचे वाक्य संपल्यावर.

काळाराम मंदिरातून घाईने बाहेर पडणे

येथे पोहोचेपर्यंत लोक दमलेले असतात, ऊन चढलेले असते आणि दर्शन घेऊन सुटावे असे वाटते. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर पाहायला दहा मिनिटे पुरतात, असे मानणारे लोक दारातली गोष्ट न ऐकताच निघून जातात. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे पाच वर्षे चालू ठेवला. दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. "आम्ही खायला आलो होतो, हे कशाला?" असे मला एकदा विचारले गेले. ज्या काळात अनेकांना मंदिरात पाऊल ठेवता येत नव्हते, त्याच काळात हॉटेलात त्यांची कपबशीही वेगळी असे, म्हणजे हा विषय खाण्याच्याही आत आहे, असे मी त्यांना सांगितले. आता शेवटचा चहा मी ही गोष्ट सांगून झाल्यावरच ठेवतो आणि तो सगळे जण एका बाकावर बसून घेतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

फेरी रविवारची असली, तरी एरवी घाटावर येणार असाल तर बुधवारी तेथे आठवड्याचा बाजार भरतो. गर्दी नको असेल तर त्या दिवशी येऊ नये, बाजारच पाहायचा असेल तर मुद्दाम यावे.

लेसचे बूट घालू नयेत, देवळापाशी दर वेळी सगळा गट थांबतो.

सुटे पैसे जवळ ठेवावेत, नेटवर्क गेले की गल्लीतल्या वृद्ध दुकानदाराला ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही.

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उतरण्याच्या हेतूने फेरीला येऊ नये, ते दोन वेगळे दिवस आहेत.

कपालेश्वराच्या देवळात नंदी नाही, तो "शोधून दाखवा" अशी पैज पुजाऱ्यांशी लावू नये.

अर्धा तास उशिरा येऊन "आतापर्यंत काय झाले, पटकन सांगा" असे म्हणू नये. पटकन सांगता आले असते तर साडेसहाला बोलावले नसते.

एक शेवटचे, चिवड्याविषयी. फेरीच्या सुरुवातीलाच दोन-दोन किलो चिवडा घेऊन तो साडेतीन तास उन्हात वागवणारे लोक मी दर रविवारी पाहतो. पिशवीत पोहे चुरतात, तळलेला कांदा मऊ पडतो आणि घरी गेल्यावर नाशिकच्या चिवड्याला नावे ठेवली जातात. चिवडा परतताना घ्यावा, पाकिटावरची तारीख पाहावी, सुटा घेत असाल तर चिमूटभर तोंडात टाकून कांदा कडक आहे ना ते बघावे आणि तो पिशवीत सर्वांत वर ठेवावा.