रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’ आलं, तर घरात काय करायचं

कुत्र्याच्या जखमेच्या किंवा मांजराच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) औषधांपुढे ‘आर’ दिसलं की जिवाला घोर लागतो. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे ते औषध त्या जिवाणूवर चालत नाही, एवढंच. प्राण्याला घराबाहेर काढायची गरज नसते.

आधी पशुवैद्यांना विचारा: हा जिवाणू आजार घडवतोय, की नुसता नाकात, तोंडात, आतड्यात राहतोय? प्राणी ठणठणीत असेल तर अँटिबायोटिक मागू नका. साधे जिवाणू मरतात आणि रिकामी झालेली जागा हाच पटकावतो. माणसाच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत. एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू) बहुधा माणसाकडूनच प्राण्याकडे आलेला असतो, म्हणून घरात कुणाला वारंवार गळवं होत असतील तर त्यांनीही डॉक्टरांना दाखवावं.

संसर्ग फक्त वरवरच्या त्वचेचा असेल तर पुष्कळदा बाहेरून केलेले उपचार पुरतात. पशुवैद्यांनी सांगितलेला २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचा (एक जंतुनाशक) शाम्पू आठवड्यातून २-३ वेळा लावा आणि घड्याळ लावून १० मिनिटं अंगावर राहू द्या. चूक इथेच होते: दोन मिनिटांत अंग धुतलं जातं आणि शाम्पूला दोष दिला जातो. आधी साधा साबण लावला असेल तर तो पूर्ण काढा, त्याने क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. डोळ्यांत आणि कानांत जाऊ देऊ नका. कच्चं मांस खायला देणं बंद करा, त्यातून प्रतिरोधक ई. कोलाय आणि साल्मोनेला पोटात जातात.

फरशीवर थेट ब्लीच ओतून उपयोग नाही, केस आणि घाण त्याची ताकद खाऊन टाकतात. आधी डिटर्जंटने धुवा, मग १ लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं साधं ब्लीच २० मिली मिसळून १० मिनिटं ओलं राहू द्या, शेवटी पाण्याने पुसा. द्रावण रोज ताजं करा. लघवी पुसल्याशिवाय ब्लीच टाकू नका, विषारी वायू तयार होतो. अंथरुणं ६० अंशांवर धुवा.

जखम उघडी ठेवू नका. ड्रेसिंग हातमोजे घालून बदला आणि नंतर २० सेकंद साबणाने हात धुवा. केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावं आणि प्राण्याला तोंड चाटू देऊ नये.

उपचारांनी फरक पडला नाही तर नमुना पुन्हा द्या, पण नवं औषध सुरू होण्याआधी. नाहीतर जिवाणू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं.