लावलेली नखं लावल्यासारखी दिसू नये म्हणून

नणंदेच्या लग्नात मी मोठ्या हौसेनं लांबलचक पांढरीशुभ्र नखं लावली होती, अन् पंगतीत वरण वाढता वाढता अंगठ्याचं नख गेलं बादलीत. आता वरणाच्या बादलीत नख कुठं शोधता, वरून पंगत बसलेली. मी आपली तोंड मिटून वाढत राहिली. निघालं ते नेमकं मामेसासऱ्याच्या पत्रावळीत, त्यांनी दोन बोटांत उचललं अन् म्हणे, "सूनबाई, ही लसणाची पाकळी लय कडक हाय वं." तेव्हापासून मी लांब नखांच्या नादी लागली नाही, अन् आता घरच्याच एका खोलीत पार्लर चालवते तं कोणत्या पोरीलेही लागू देत नाही.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की पोरी यायला लागतात. सगळ्यांची मागणी एकच, "ताई, अशी लाव की सासूला कळलं नाही पाह्यजे." म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, घरी बसून करता येते, फक्त घाई करू नका.

पहिले हे की कोणती नखं. पार्लरमध्ये ॲक्रिलिक लावतात, त्यात पावडर अन् लिक्विड असते, मुळात ते दातवाल्यांचं सामान. १९५४ मध्ये फ्रेडरिक स्लॅक नावाच्या अमेरिकेतल्या डेंटिस्टचं नख तुटलं, तं त्यानं दाताच्याच मसाल्यानं नवीन बनवलं, तिथून ते निघालं. दुसरं जेल, ते कडक व्हायला यूव्ही किंवा एलईडी लॅम्प लागतो, अन् आमच्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलेच माहीत. बरं, अर्धकच्चं जेल कातडीला लागत राहिलं तं ॲलर्जी होते, अन् एकदा झाली की जन्माची राहते, म्हणून घरी जेलची किट मागवू नका असंच मी म्हणते. घरच्यासाठी प्रेस-ऑन, म्हणजे प्लास्टिकची तयार नखं. एका पाकिटात साधारण २४ येतात, लहान-मोठ्या साईजची. नागपूरला इतवारीत घ्या नाही तं ऑनलाईन, फरक पडत नाही. महागाची घेऊन बी आडमाप लावली तं नकलीच दिसते अन् साधी घेऊन मापात बसवली तं कोणी विचारत नाही.

तं माप. हेच खरं काम, ग्लूचं काम त्याच्यापुढं काहीच नाही. नख कोरडंच बोटावर ठेवून पाहा, दोन्ही बाजूच्या कडा आपल्या नखाच्या कडेला बरोबर टेकल्या पाह्यजे. छोटं पडलं तं बाजूनं आपलं नख उघडं दिसते अन् दाबून बसवलेलं असल्यानं चटकन उडते. मोठं झालं तं कातडीवर चढते, मग केस विंचरताना त्यात केस अडकतात, दर वेळी अडकतात. दोन साईजच्या मधात बोट आलं तं मोठं घ्या अन् बाजूनं फाईलनं घासून कमी करा. डाव्या-उजव्या अंगठ्याचं माप एकच धरू नका, बहुतेकींचा एक अंगठा रुंद असतो. दहाही नखं निवडली की ताटात करंगळीपासून अंगठ्यापर्यंत ओळीनं मांडून ठेवा, नाही तं ग्लू लावल्यावर कोणतं कुठलं हे शोधत बसाल.

आता लांबी. बोटाच्या टोकापुढं दोन-तीन मिलिमीटर, बस. आपल्या हातांना भाकरी थापायची असते, भांडी घासायची असतात, त्या हाताला एवढंच शोभते. नेलकटरनं सरळ कचकन कापलं तं प्लास्टिक मधातून तडकते, म्हणून दोन्ही बाजूनं थोडं थोडं कापा अन् मग फाईल करा, एकाच दिशेनं. टोकाचा आकार कसा ठेवायचा तं आपल्या नखाच्या मुळाशी जी गोलाई असते तिच्यासारखाच, मुळाशी गोल अन् टोकाला चौकोनी ठेवलं की लगेच डोळ्यात येते. अन् एक चोरटी गोष्ट सांगते, दहाही नखं तंतोतंत सारखी करू नका, एखादं केसभर लहान राहू द्या, खरी नखं अशीच असतात.

रंग दुधाळ गुलाबी घ्या, आपल्या गव्हाळ-सावळ्या हातावर तोच मुरतो, पांढऱ्या टोकाची नखं दुरूनच ओरडतात. मुळाकडची कड जाड असते, ती बारीक फाईलनं वरून घासून पातळ करा म्हणजे तिथं पायरी दिसत नाही. वरची प्लास्टिकची चमक बफरनं, म्हणजे नख घासायच्या मऊ ठोकळ्यानं, हलकी मारून टाका, मग हवं तं पारदर्शक पॉलिशचा एक पातळ हात. ही दोन कामं कोणी करत नाही अन् मग म्हणते ताई तुमच्यासारखं नाही दिसत.

आपल्या नखाची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवा. कोमट पाण्यात हात बुडवायचे, मुळाजवळची कातडी मऊ झाली की लाकडी काडीनं हळूच मागं सारायची, कापायची नाही. लावायच्या टायमाला मात्र हात भिजवू नका, नख पाणी पिते, फुगते, अन् वाळल्यावर आकसलं की वरचं नख सुटते. लावायच्या आधी १८० किंवा २४० ग्रिटच्या (हा बारीकपणाचा आकडा बफरवर लिहिलेला असतो) बफरनं फक्त चमक जाईपर्यंत घासा, दोन-तीन हात, नखाची पूड पडू लागली तं तुम्ही जास्त घासून राहिल्या. मग मेडिकलमधलं स्पिरिट कापसावर घेऊन पुसा. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असते अन् ते नखावर राहून जाते. पुसल्यावर केसांना हात लावू नका, आपल्या डोक्याला तेल असते बाप्पा.

ग्लू नखाचाच घ्या. दुकानातली झटकन चिकटवायची छोटी ट्यूब बी त्याच जातीची, सायनोॲक्रिलेटच, पण ती नखाकातडीसाठी बनवलेली नसते. एक बारीक थेंब आपल्या नखावर, एक प्लास्टिकच्या नखावर, मुळाच्या कडेपर्यंत नेऊ नका. नख तिरपं धरून मुळाकडून टेकवा, कातडीपासून केसभर जागा सोडून, अन् हळूहळू टोकाकडं दाबत न्या म्हणजे मधात हवा राहत नाही. ३० सेकंद दाबून धरा, हलवायचं नाही, फोन आला तं वाजू द्या. सुरुवात करंगळीपासून, अंगठे शेवटी, कारण दाबायला अंगठाच लागतो. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत हाताला घाम येते म्हणून पोरी कूलरसमोर बसतात, तसं करू नका, त्या ओलसर हवेनं ग्लूवर पांढुरकी झाक येते. पहाटे बसा, पंख्याखाली.

अन् हे नीट वाचा. सांडलेला ग्लू कापसानं पुसायचा नाही. आपण कापसाच्या मुलखातले, घरात कापूस हाताशीच, माझा बी हात पहिले तिकडंच गेला होता. ग्लू अन् कापूस एक झाले की इतकं तापते की धूर निघतो, माझ्या बोटाला फोड आला होता. दुसरं, ग्लूची बाटली डोळ्याच्या ड्रॉपसारखीच दिसते, म्हाताऱ्या माणसांच्या औषधांजवळ ठेवू नका.

लग्नाचा क्रम सांगते कारण यात सगळ्या चुकतात: आधी मेहंदी, मग हळद, मग नखं. मेहंदीत बहुतेक वेळा नीलगिरीचं तेल असते, त्या दिवशी ग्लू धरत नाही. हळदीआधी लावली तं नखं पिवळी होतात, घासून जात नाहीत, झालीच तं थोडं ऊन दाखवा, उन्हानं हळद फिकी पडते. लावल्यावर दोन तास तरी पाण्यात हात नको, त्यात कणीक मळणं बी आलं. उन्हाळा नसंल तं झोपायच्या आधी लावली तं सगळ्यात बरं.

रोजच्या कामात भांड्याला रबरी हातमोजे घाला. कापूस वेचायला ही नखं लावून जाऊ नका, बोंडाच्या टोकात अडकलं की आपलं नख बी उपटून निघते. सेफ्टी पिन नखानं उघडू नका, दुसऱ्या बाईला म्हणा. ज्यांना नखुरडं झालंय, नखात बुरशी आहे त्यांनी आधी डॉक्टरला दाखवावं. शुगरवाल्यांनी बी विचारूनच लावावी. ऑपरेशन किंवा बाळंतपणाची तारीख जवळ आली असंल तं काढून टाका, दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, त्याला अडचण होते.

आठवडाभर टिकली तं समजा छान बसली. त्याआधीच एक कड उचलली तं वरून परत ग्लू ओतू नका, खाली पाणी शिरलं असते, ओलीत जंतू वाढतात अन् नख हिरवट पडते. असं दिसलं की काढा, काही दिवस उघडं ठेवा, हिरवं गेलं नाही तं दवाखान्यात दाखवा.

काढताना ओढायचं नाही, ओढलं की आपल्या नखाची पापडी सोबत येते, अन् हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटरच वाढते, पाच-सहा महिने ते खडबडीत नख पाहत बसाल. कोमट पाण्यात साबण अन् चमचाभर तेल टाकून १५ मिनिटं हात ठेवा, मग बाजूनं काडी घालून हळूहळू सोडवा, नाही सुटलं तं आणखी १० मिनिटं. तरीही हटलं नाही तं ॲसिटोन, पण चूल-गॅसपासून दूर, भडका उडते, अन् त्यानं प्लास्टिकची नखं विरघळून वाया जातात. पाण्यानं सोडवलेली नखं मात्र फेकू नका, खालचा वाळलेला ग्लू फाईलनं घासून काढा अन् गोळ्यांच्या रिकाम्या डबीत एका हाताची एकीत, दुसऱ्याची दुसरीत, डबीवर डावा-उजवा लिहून. माझ्याकडे एक जोड आहे तो तीन लग्नं खाऊन बसला, चौथं मे महिन्यात आहे, दिराचं.