फोटोवरून 3D डिजिटल पोर्ट्रेट करताना आधी कॅमेऱ्याचं अंतर जुळवा

फोटो एकाच वयातले घ्या: समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके. फिल्टर लावलेले टाकून द्या. सगळे प्युअररेफमध्ये (संदर्भचित्रं एकत्र मांडायचं सॉफ्टवेअर) मांडा आणि डोक्याच्या 3D मॉडेलचा ढोबळ आकार उभा करा.

खरी मेख पुढे आहे. ‘ऑर्थोग्राफिक व्ह्यूमध्ये फोटो मागे लावा आणि कडा गिरवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ऑर्थोग्राफिकमध्ये पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसणं, नसतो; फोटोत मात्र असतोच. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान गालांमागे दडतात. त्या कडा गिरवल्यात तर समोरून सगळं जुळेल, पण मॉडेल जरा फिरवलं की तिसराच माणूस दिसेल.

म्हणून ब्लेंडरमध्ये (3D मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) डोकं खऱ्या मापाचं करा. हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण 23 सेंमी. कॅमेरा फोटोइतक्याच अंतरावर ठेवा: सेल्फी असेल तर अर्धा मीटर, नेहमीचं पोर्ट्रेट असेल तर दीड-दोन मीटर. त्यानंतरच कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ (लेन्सचा झूम) बदलून डोकं फोटोतल्या डोक्याएवढं करा. हा क्रम उलटा करू नका. नाक-कानांचं प्रमाण अंतरामुळे बदलतं, फोकल लेंग्थमुळे डोकं फक्त चौकटीत लहान-मोठं होतं. ‘85 मिमी लेन्स घ्या, झालं’ असं सांगणारे नेमकं अंतराचंच सांगत नाहीत.

अंतर माहीत नसेल तर समोरच्या फोटोत कान बघा. गालांच्या बाहेर दोन्ही कान नीट दिसत असतील, तर फोटो बहुधा लांबून काढलाय. मान किती कललीय हेही कानच सांगतात: डोळ्यांच्या मानाने ते खाली गेलेले दिसले, तर हनुवटी वर उचललेली आहे. अंतर तेच ठेवून कॅमेराही डोक्याभोवती तेवढाच खाली फिरवा आणि वर रोखा.

प्रत्येक फोटोला स्वतंत्र कॅमेरा हवा. नाक एका कॅमेऱ्यातून जुळतंय आणि बाकीच्यांतून नाही, असं झालं तर मॉडेल बदलायला लगेच ब्रश उचलू नका. आधी त्या कॅमेऱ्याचं अंतर तपासा, मग हावभाव. हसताना नाकपुड्या रुंदावतात आणि गाल वर चढतात.

मोठे आकार सगळीकडून जुळले की सिमेट्री (एका बाजूचा बदल दुसऱ्या बाजूलाही आपोआप करणारी सोय) बंद करा. सेल्फी बऱ्याचदा आरशासारखी उलटी सेव्ह झालेली असते, त्यामुळे तीळ किंवा भांग इतर फोटोंशी ताडून मगच डावी-उजवी बाजू ठरवा. सुरकुत्या आणि त्वचेची छिद्रं सगळ्यात शेवटी.