कपकेकवर कुत्रा करायला गेलात आणि अस्वल झालं? या चुका टाळा

कुत्र्याच्या तोंडाचे कपकेक मी पहिल्यांदा केले ते भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला. रात्री दीडपर्यंत जागून बारा कपकेक सजवले, डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि समाधानाने झोपले. सकाळी झाकण उघडलं, तर बाराच्या बारा कुत्र्यांच्या डोळ्यांतून चॉकलेटी अश्रू ओघळलेले. वर भाचीने विचारलं, "मावशी, ही अस्वलं का रडतायत?"

तिच्या त्या एका प्रश्नात माझ्या दोन्ही चुका आल्या. रडण्याचं कारण साधं होतं. डोळ्यांसाठी मी रंगीत साखरेचं कवच असलेल्या चॉकलेटच्या गोळ्या लावल्या होत्या. क्रीममध्ये पाणी असतंच, त्या ओलाव्याने रात्रभरात कवचाचा रंग सुटला. आता मी चॉकलेट चिप्स टोक आत खुपसून लावते, नाहीतर बटर पेपरवर वितळलेल्या डार्क कंपाउंडचे (म्हणजे सजावटीसाठी वितळवायच्या चॉकलेटचे) ठिपके पाडते आणि घट्ट झाले की सुरीने उचलते. गोळ्याच हव्या असतील तर पाहुणे दारात आल्यावर लावा. डोळ्यात चमक दाखवायला टूथपिकने पांढरा ठिपका देतात, तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला द्या. एकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे दिलात तर कुत्रा तिरळा बघतो.

अस्वलाची गोष्ट मात्र मला उशिरा कळली. कुत्रा बिघडला की आपण क्रीमला दोष देतो आणि नोझलचा, म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायच्या तोट्यांचा, महागडा सेट मागवतो. खरं म्हणजे तो चेहऱ्याच्या मांडणीत बिघडलेला असतो. लहान गोल कान थेट डोक्यावर बसवले की अस्वल होतं, मग खाली कितीही सुंदर केस काढा. लॅब्रेडॉर, बीगल, कॉकर स्पॅनियल यांचे कान बाजूने सुरू होतात आणि खाली लोंबतात. कपकेक म्हणजे घड्याळ धरलं, तर असे कान दहा आणि दोनच्या जागी चिकटवायचे आणि टोकं कडेच्या बाहेर खाली सोडायची. पॉमेरेनियनचे कान उभे, टोकदार आणि छोटे. आमच्या सोसायटीच्या गेटवर बसतो तसा गावठी कुत्रा करायचा तर कान उभे त्रिकोणी, पण एकाचं टोक जरा मुडपलेलं. ते मुडपलं नाही आणि तोंडही छोटं राहिलं, तर मुलं "मांजर!" म्हणून मोकळी होतात. मुलांना हा गेटवरचा कुत्राच सगळ्यांत जास्त आवडतो, हा माझा अनुभव. त्याला ती रोज बिस्किटं घालतात ना.

डोळ्यांची जागाही अशीच दगा देते. वर आणि जवळजवळ लावले तर कुत्रा म्हातारा आणि संशयी दिसतो. मध्यरेषेच्या किंचित खाली, एकमेकांपासून दूर लावले तर पिल्लू होतं. नाक डोळ्यांच्या जवळच, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध खाली. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तोंडाचा उंचवटा न करता सपाट क्रीमवर नाक चिकटवणं. समोरून फोटोत ते चालतं, टेबलावर नाही. मोठ्या गोल नोझलने, किंवा सरळ दुधाच्या पिशवीचा धुतलेला कोपरा कापून, खालच्या अर्ध्या भागात क्रीमचे दोन गोळे शेजारी शेजारी काढा आणि वर मधोमध नाक ठेवा. काहीजण अर्धा मार्शमॅलो लावतात. तो छान उभा राहतो, पण बहुतेक मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं. शाकाहारी घरची मुलं येणार असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या.

माझा एक हट्ट आहे: आधी कागदावर. कपकेकच्या मापाची वाटी ठेवून पेन्सिलने गोल काढा आणि त्यात चेहरा मांडून बघा. तीन-चार गोल होतात, पाच मिनिटं जातात. कोणता कुत्रा करायचा नाही, तेही इथेच ठरतं. डॅशहुंड, ग्रेहाउंड, आपला मुधोळ हाउंड ही लांब नाकाची मंडळी गोल कपकेकवर मावतच नाहीत. पगला सुरकुत्या हव्यात, म्हणजे फाँडंटचं, लाटून आकार देता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचं, काम आलं. पहिल्या खेपेला पूडल किंवा पॉमेरेनियन घ्या. केसाळ कुत्र्यात निम्म्या चुका केसांखाली लपतात.

आता केस. त्यासाठी गवताचं नोझल वापरतात, बारीक भोकांचं, २३३ नंबरचं. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि त्या दिशेच्या असतात. मधून सुरुवात करून बाहेर आलात तर बाहेरचे केस आतल्यांवर चढतात आणि कुत्रा उलटा विंचरल्यासारखा दिसतो. कडेपासून सुरू करा, एक फेरी पूर्ण करा, मग आतली फेरी, तोंडाचा भाग शेवटी. प्रत्येक झुपका काढताना पिशवी दाबा, थोडं ओढा, दाब सोडा आणि मगच नोझल उचला. दाब न सोडता उचललंत तर टोकाशी गाठ येते. केस मध्येच तुटत असतील तर क्रीम फार घट्ट झालंय किंवा पिशवीत हवा अडकलीय. केस आडवे होऊन एकमेकांना चिकटत असतील तर क्रीम सैल आहे. नोझल सारखं तुंबत असेल तर आयसिंग शुगर किंवा कोको चाळायचा राहिलाय. टूथपिकने भोकं टोचत बसू नका, क्रीम बाहेर काढून बारीक चाळणीतून घासून घ्या.

आणि तपकिरी कुत्र्याबद्दल एक स्पष्ट बोलते, माफ करा. मोठ्या स्टार नोझलने कोकोच्या क्रीमचा गोल गोल मनोरा चढवलात, तर कुत्रा दिसत नाही, कुत्र्याने मागे ठेवलेली वस्तू दिसते. मुलं हे तोंडावर सांगतात आणि मग दिवसभर तेच सांगतात. तपकिरीसाठी झुपकेच काढा, मनोरा नको. जमलं तर दोन छटा घ्या, तोंडाभोवती फिकट आणि कानांपाशी गडद.

क्रीम कोणतं, यावर वाद घालणारे बरेच भेटतील. मी महिना बघून ठरवते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि एप्रिलमध्ये आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान ओट्यावरच असतं. मार्च ते जून मी एसीशिवाय बटरक्रीमच्या वाटेला जात नाही. तेव्हा विकतचं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम. ते फ्रीजरमधून काढून आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवावं आणि थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटावं. पूर्ण वितळून कोमट झालेलं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. जास्त फेटलं गेलं तर ते खरखरीत, भोकाभोकाचं होतं, केस फाटतात. अशा वेळी न फेटलेलं द्रव क्रीम एक-दोन चमचे घालून हलक्या हाताने मिसळा, बरंच सावरतं. हाताच्या उबेनेही पिशवीतलं क्रीम सैल होतं, म्हणून दोन पिशव्या भरा. एक हातात, एक फ्रीजमध्ये.

थंडीत बटरक्रीम मजेत होतं. १०० ग्रॅम बटरला २०० ग्रॅम आयसिंग शुगर, लागलं तर चमचाभर दूध. बटर बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतकं मऊ हवं, तेल सुटलेलं नको. फेटताना दह्यासारखं फाटलेलं दिसलं तर घाबरून फेकू नका. बटर थंड असेल तर भांड्याला बाहेरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं लावा आणि फेटत राहा, जुळून येतं. उलट पातळ झालं असेल तर दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. पातळ झालं म्हणून साखर घालत सुटणं ही नेहमीची चूक. कुत्रा उभा राहतो, पण खाणाऱ्याचे दात शिवशिवतात. घरचं लोणी वापरायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. त्यात ताक-पाणी राहतं आणि क्रीम फुटतं. ते थालीपीठावरच शोभतं. नाश्त्याचं खारं बटरही नको, मीठविरहित आणा. पांढराशुभ्र पॉमेरेनियन करताना बटरचा पिवळेपणा दिसतोच. त्यावर उपाय म्हणजे टूथपिकच्या टोकाएवढा जांभळा जेल रंग. टोकाएवढाच, नाहीतर कुत्रा आजारी दिसतो.

काळ्या रंगाचं सांगायचं तर पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग ओतत बसू नका. आधी कोको घालून गडद तपकिरी करा, मग थोडासा काळा जेल घाला आणि तास-दोन तास झाकून ठेवा. रंग आपोआप गडद होत जातो. घाईत भरपूर घातला तर क्रीम कडू होतं आणि मुलांचे दात-ओठ काळे. जिभेच्या लाल-गुलाबी रंगालाही हेच लागू. वितळलेल्या चॉकलेटमध्ये मात्र पाण्याचा रंग एक थेंबही घालू नका, ते लगेच घट्ट ढेकूळ होऊन बसतं. तिथे तेलातला रंग लागतो.

फाँडंटचे कान आयत्या वेळी करून लावले की दहा मिनिटांत मान टाकतात. ते दोन दिवस आधी करा. पाव किलो फाँडंटला साधारण एक छोटा चमचा टायलोज पावडर (फाँडंट कडक करणारी) मळा आणि कान लाटण्याच्या गोलाईवर वाळत घाला, छान वळण येतं. पावसाळ्यात ते वाळायचं नाव घेत नाहीत. पंख्याखाली ठेवा, फ्रीजमध्ये नाही. फ्रीजमधून काढल्यावर त्यांना घाम फुटतो आणि बोट लावलं की ठसा उमटतो. वाळलेले कानही ओल्या क्रीममध्ये रात्रभर राहिले तर मुळाशी विरघळून पडतात, म्हणून केक कापायच्या तासभर आधी खोचा. या सगळ्याला सोपा पर्याय म्हणजे अर्धं मोडलेलं चॉकलेट बिस्कीट. तेही तीन-चार तासांत सादळतं, पण मोडलं तर मुलं आनंदाने खातात. कान टिकावेत म्हणून आत टूथपिकचा तुकडा मात्र खोचू नका. चार वर्षांचं मूल कान एका घासात तोंडात टाकतं.

खालच्या केकबद्दल थोडक्यात. साचा दोन तृतीयांशच भरा, १८० अंशांना १८ ते २० मिनिटं. डोंगर आला तर सुरीने कापून सपाट करा, नाहीतर तोंड घसरतं. कोमट केकवर क्रीम घालू नका. कागद सुटत असेल तर भाजल्यावर केक साच्यातच वाफेत राहिला होता, पाच मिनिटांत जाळीवर काढायला हवा होता.

रिक्षातून न्यायचे असतील तर खाचा असलेला खोका घ्या आणि त्याची उंची कानांसकट मोजा. मी एकदा फक्त केक मोजला होता. झाकण उघडलं तेव्हा सगळे कान झाकणाला चिकटलेले आणि खाली बारा सील मासे.

आणि घरात खरा कुत्रा असेल तर हे कपकेक त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. चॉकलेट आणि कोकोमधलं थिओब्रोमाइन त्याला पचत नाही, जितकं गडद चॉकलेट तितकं वाईट. डोळ्यांसाठी काहीजण मनुका लावतात, त्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. साखरेऐवजी झायलिटॉल वापरलं असेल तर ते त्याहून धोक्याचं. त्याने खाल्लंच तर घरगुती उपाय करत न बसता लगेच पशुवैद्यांना फोन करा आणि काय नि किती खाल्लं ते सांगा. वाढदिवसाच्या गडबडीत खालच्या टेबलावरचा डबा त्याला सगळ्यांच्या आधी सापडतो, तेव्हा कपकेक फ्रिजवर किंवा उंच कपाटावर ठेवा आणि मुलांनाही बजावून ठेवा.