नदीकाठच्या शाळेला मदत करायची तर आधी पेट्रोलचं बोला

जानेवारी लागला की मला निरोप येऊ लागतात: "वह्या-दप्तरं पाठवतो, अ‍ॅमेझॉनच्या शाळेत वाटाल का?" वाटेन की. पण आधी इथला नकाशा डोळ्यांसमोर आणा. मी राहते इकितोसला, पेरूच्या लोरेतो प्रदेशात. या शहरातून बाहेर जाणारा रस्ता म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाउतापर्यंतचा. मारान्योन आणि उकायाली एकत्र येऊन अ‍ॅमेझॉन सुरू होते ती जागा तिथून जवळच. पुढे सगळं पाण्यावरून. वह्यांचं बिल किरकोळ, त्या पोहोचवणाऱ्या बोटीच्या पेट्रोलचं मात्र घाम फोडणारं. म्हणून कुणी पैसे देऊ म्हटलं की मी आधी पेट्रोलचे मागते. देणारे जरा हिरमुसतात, कारण पेट्रोलसोबत फोटो काढता येत नाही.

पहिलं काम म्हणजे गावाला विचारणं. कुकामा, यागुआ, तिकुना अशा आदिवासी गावांत अपू, म्हणजे गावचा प्रमुख, याच्याशी बोला. पालकांची संघटना प्रत्येक शाळेला असते, तिला आपाफा म्हणतात. तिच्या अध्यक्षांनाही सोबत घ्या. शिक्षकाशी परस्पर ठरवून मोकळं होऊ नका. शिक्षक बदलून जातो, गाव तिथंच राहतं. अपू आणि आपाफाचे अध्यक्ष, दोघांनाही सांगा की सभा बोलवा. सभेत चिटणीस जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठराव लिहितो, मोठ्यानं वाचून दाखवतो, मग एकेक जण सही करून पुढे ओळखपत्राचा क्रमांक घालतो. सही न येणारी आजी शाईत अंगठा बुडवते आणि उरलेली शाई बाकाच्या कडेला पुसते. याला वेळ लागतो, लागू द्या. त्या वहीत लिहिलेलं गावाचं असतं, तुमच्या मेलमधलं फक्त तुमचं.

या सभांत दप्तराचं नाव फारसं निघत नाही. निघतो तो छपराचा विषय. इरापाय पामच्या पानांचं छप्पर गार असतं, पण काही वर्षांनी गळू लागतं. पत्रा टिकतो, पावसाचं पाणी पन्हाळीतून टाकीत घेता येतं. पण पाऊस आला की वर्गात बाईंचा आवाज ऐकू येत नाही आणि दुपारी आत भट्टी होते. गावाला दोन्ही माहीत असतं. निवड त्यांना करू द्या. तुम्ही साहित्य द्या, मजुरी गाव मिंगा करून, म्हणजे सगळे मिळून, करतं. त्या दिवशीच्या जेवणाला हातभार लावायला विसरू नका.

दुसरं म्हणजे नदीचं वेळापत्रक. शाळा मार्च ते डिसेंबर चालते, पण पाणी आपल्या चालीनं चालतं. मोठ्या पुराच्या वर्षी चढ-उताराचा फरक दहा मीटरच्या आसपास जातो. एप्रिल-मेला पाणी सर्वांत वर. तेव्हा होडी थेट शाळेच्या पायरीला लागते, पण शेतं बुडालेली असतात आणि मासे जंगलात पांगल्यामुळे जाळ्यात येत नाहीत. घरात चणचण असते ती याच दिवसांत, खाण्याची मदत द्यायची तर तेव्हा द्या. ऑगस्टपासून मासे मुबलक, पण ओढे आटतात आणि मुलं चिखलातून चालत येतात. २०२४च्या दुष्काळात तर कितीतरी गावांपर्यंत बोटच जाईना. अवजड सामान पाणी भरलेलं असतानाच हलवा.

लहान गावांना पेके-पेकेनं जायचं: लांब दांड्याचं इंजिन बसवलेली होडी. पाण्यात ओंडका दिसला की चालक दांडा दाबून पंखा वर उचलतो, होडी त्यावरून घसरत जाते आणि मागच्या सगळ्यांच्या अंगावर पाणी. म्हणून कागद झाकणाच्या प्लास्टिक पिंपातच भरा, खोकं नको. शाळेतही पुस्तकं त्याच पिंपात, जमिनीपासून उंचावर ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळी दमटपणात बुरशी धरते. सरकारी पाठ्यपुस्तकं फुकट असतात, पण गावी पोहोचायला उशीर होतो. उहेल या स्थानिक शिक्षण कार्यालयाला लेखी कळवून, परवानगी घेऊन तीच सोबत न्या. नवी विकत घेण्यापेक्षा हे बरं. कुकामा गावात नेताय तर त्या भाषेतलं काही मिळतंय का ते आधी पाहा. स्पॅनिश पुस्तकांची रास कुणीही नेतं.

प्राथमिक शाळा बहुतेक गावांत असते. खरी गळती पुढे, कारण माध्यमिक शाळा दुसऱ्या गावात. काही ठिकाणी मुलं पंधरा दिवस शाळेत राहतात, पंधरा दिवस घरी. या मुलांच्या राहण्याच्या काळातलं जेवण, मच्छरदाणी आणि येण्या-जाण्याचं पेट्रोल एवढं भागवलं तरी पुष्कळ. मच्छरदाणी हौसेची नव्हे. पेरूतला बहुतेक मलेरिया याच लोरेतोत आहे.

घरांसाठी माझं मत ठाम आहे: जुने कपडे नकोत, विणकाम विकत घ्या. चांबिरा पामचा न उघडलेला कोंब कापतात, उकळून वाळवतात, मग बाई मांडीवर तळहातानं धागा वळते. पिवळा रंग हळदीचा, तांबडा आचियोते बियांचा. बाजूची पानं राखून नुसता कोंब घेतला तर झाड जगतं, तेव्हा माल घेताना तेही विचारा. पैसे विणणाऱ्या बाईच्या हातात द्या आणि घासाघीस करू नका. शहरात ती पिशवी कितीला विकली जाते हे तिला सांगा.

कागदपत्रांकडेही बघा. मुलाचं ओळखपत्र नसेल तर सरकारी योजना अडतात. पियास नावाच्या सरकारी बोटी नदीकाठच्या गावांना दवाखाना, बँक, ओळखपत्र नोंदणी अशा सोयी घेऊन फिरतात. बोट कधी येणार ते कळवणं आणि लांबच्या घरांना तिथवर नेणं, यात पैशापेक्षा धावपळ जास्त.

औषधं वाटू नका, ते आरोग्य केंद्राचं काम. प्लास्टिकची वेष्टनं परत न्या, कारण तिथं कचरागाडी येत नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि एकांतात राहणाऱ्या जमातींच्या राखीव भागात, कितीही चांगल्या हेतूनं, जायचं नाही. त्यांना संरक्षण देणारा २००६चा कायदा आहे आणि आपल्या साध्या सर्दीनंही त्यांचा जीव जाऊ शकतो.